खेळ रंगला, इंग्रजी किती आले?

तिसरीचा वर्ग, इंग्रजीचा तास. बाई पुढे उभ्या राहून भराभर आज्ञा देत आहेत आणि चाळीस मुले कानाला हात लावीत आहेत, उड्या मारीत आहेत, खाली बसून पुन्हा उठत आहेत. आपल्याकडे ‘शिवाजी म्हणतो’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला खेळच येथे इंग्रजीतून चालला आहे. ‘सायमन सेज’ हे शब्द आधी आले तर सांगितलेली कृती करायची, ते न आले तर स्तब्ध राहायचे, आणि चुकेल त्याने भिंतीशी जाऊन बसायचे. पंधरा मिनिटांनी दोन मुले उरतात, टाळ्या पडतात, मागे बसलेले पाहुणे समाधानाने माना डोलावतात.

मागे बसलेल्या पाहुण्यांत आम्हीही होतो आणि आम्हालाही मजा आली. परंतु आमचे लक्ष दोन मुलांकडे लागून राहिले होते. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी दुसऱ्याच आज्ञेला बाद झाली. उरलेला सारा वेळ ती भिंतीशी बसून वेणीची रिबीन सोडत आणि बांधत होती. दुसरा एक मुलगा शेवटच्या पाचांत पोहोचला. त्याचा हात प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या हातामागोमाग क्षणभराने हलत होता. तास संपल्यावर आम्ही त्याला मराठीतच विचारले, ‘‘एल्बो म्हणजे काय रे?’’ तो हसला आणि सवयीने शेजाऱ्याकडे पाहू लागला.

म्हणजे ज्या मुलीला सरावाची सर्वांत जास्त गरज होती तिला खेळाने सर्वांत आधी बाहेर काढले आणि ज्याला शब्द कळला नव्हता त्याला जवळजवळ विजेता ठरवले. यात बाईंचा दोष नाही. त्यांनी मन लावून तयारी केली होती. दोष असलाच तर आपण सर्वांनी मिळून करून घेतलेल्या एका समजुतीचा आहे. मुले हसत आहेत, हालचाल करीत आहेत, त्याअर्थी ती शिकत आहेत, अशी ही समजूत आहे.

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे गिरवली त्यांच्याकडेच सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचे काम एकाएकी आले. व्याकरण आणि भाषांतर या वयात चालणार नाही हे उघड होते, म्हणून गाणी, खेळ, चित्रे, मुखवटे यांचा आधार घेतला गेला. आज बाजारात, प्रशिक्षणवर्गांत आणि मोबाइलवर अशा गमतीच्या उपक्रमांना तोटा नाही. मात्र त्यांतला कोणता उपक्रम काय शिकवतो याची छाननी जवळपास कोणी करीत नाही. विज्ञानाच्या तासाला व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकून फेसाळता ज्वालामुखी करून दाखवला की मुले खूश होतात, पण ज्वालामुखीबद्दल त्यांना काहीच कळत नाही, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात आलेले आहे. तीच चिकित्सा आम्ही येथे इंग्रजीच्या खेळांना लावू पाहत आहोत.

फर्गस क्रेक आणि एंडेल टुल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या कामी फार उपयोगी पडतात. त्यांनी लोकांना एकेक शब्द क्षणभर दाखवला आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक प्रश्न विचारला. काही शब्दांबाबत प्रश्न असा की, हा शब्द मोठ्या लिपीत छापला आहे काय? काहींबाबत असा की, याचे अमुक शब्दाशी यमक जुळते काय? आणि काहींबाबत असा की, या वाक्यातल्या रिकाम्या जागी हा शब्द बसेल काय? पुढे परीक्षा होणार आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. नंतर अचानक तपासले तेव्हा, ज्या शब्दांच्या अर्थाचा विचार करावा लागला होता ते सर्वांत चांगले ओळखले गेले, यमकाचे शब्द त्यांच्या खालोखाल आणि नुसते अक्षरांचे वळण पाहिलेले शब्द सर्वांत कमी. शब्द सगळ्यांनी पाहिले होते. फरक पडला तो पाहताना डोक्यात काय चालले होते याने.

म्हणून कोणत्याही खेळाबद्दल विचारायचा प्रश्न असा : जिंकण्यासाठी मुलाला कशाचा विचार करावा लागतो? ‘सायमन सेज’मध्ये जिंकण्यासाठी लक्ष ठेवावे लागते ते ‘सायमन सेज’ हे दोन शब्द आले की नाही यावर. नाक की कोपर हे शेजाऱ्याकडे पाहूनही भागते. खेळाची सारी धार एका अशा गोष्टीवर आहे जी भाषेच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची आहे.

आम्ही यासाठी एक घरगुती कसोटी वापरतो. तिला मल्याळम कसोटी म्हणू. (वाचकांना मल्याळम येत असेल तर त्यांनी न येणारी दुसरी कोणतीही भाषा घ्यावी.) तो खेळ मल्याळममधून चालू आहे आणि आपल्याला त्या भाषेचा एकही शब्द येत नाही अशी कल्पना करावी. तरीही आपण खेळात टिकू शकतो काय? टिकू शकत असू, तर तो खेळ इंग्रजीचा नव्हे.

चौकटीतून शब्द शोधण्याचे कोडे या कसोटीला लावून पाहा. उभ्या-आडव्या अक्षरांत लपलेले प्राण्यांचे दहा शब्द शोधून त्यांभोवती वर्तुळ काढायचे, शब्दांची यादी शेजारी दिलेलीच असते. मल्याळम लिपीतल्या अशा कोड्यातही आपण आकारांची जुळवणी करून दहाच्या दहा शब्द शोधू, आणि त्यातला हत्ती कोणता व माकड कोणते हे आपल्याला शेवटपर्यंत कळणार नाही. क्रेक आणि टुल्व्हिंग यांच्या प्रयोगातले हे सर्वांत दुबळे टोक होय. वर्ग अर्धा तास शांत राहतो हाच या कोड्याचा मोठा गुण असावा असे आम्हाला वाटते, आणि तो गुण क्षुल्लक नाही हे चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्यांना सांगायला नको.

मुखवटे आणि कातरकाम यांची अवस्था याहून वाईट. वाघाचा मुखवटा करण्यात पाऊण तास जातो. डिंक कोणाकडे आहे, माझी कात्री कोणी घेतली, हे सारे बोलणे मराठीत होते (आणि ते छान होते), आणि पाऊण तासाच्या अखेरीस इंग्रजीचा एक शब्द पदरी पडतो. तो शब्दही मुलाला आधीच ठाऊक असतो. हस्तव्यवसायाचा तास म्हणून हा उपक्रम उत्तम आहे, इंग्रजीच्या खात्यात तो मांडू नये. कानगोष्टींच्या खेळात तर वाक्य बिघडले तरच मजा येते. शेवटच्या मुलाने बरोबर वाक्य सांगितले की सर्वांचा हिरमोड होतो!

मात्र आमची कसोटी सर्वत्र लागू पडत नाही हेही सांगितले पाहिजे. बडबडगीत मल्याळममधूनही म्हणता येईल, अर्थ न कळता, हातवारे पाहून. तरी गाण्यातून मुलाला एक गोष्ट मिळते, ती म्हणजे भाषेची लय. इंग्रजीत शब्दाच्या कोणत्या अवयवावर आघात द्यायचा हे ठरलेले असते आणि आघात बदलला की ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दाचे नाम आहे की क्रियापद हेही बदलते. मराठीत आघाताने असा अर्थभेद होत नाही, आपण अवयव बहुधा सारख्या वजनाने उच्चारतो. ही लय नियम सांगून येत नाही, कानावर पडूनच येते, आणि तालावर म्हटलेले गाणे हा तिचा चांगला मार्ग आहे. अट एवढीच की गाणे म्हणणाऱ्याला ती लय आलेली असावी, नाहीतर ते ध्वनिमुद्रणावरून ऐकवावे. गाण्याकडून शब्दसंग्रहाची अपेक्षा मात्र करू नये.

मुळाक्षरांच्या गाण्याबद्दलही थोडे बोलू. इंग्रजी मुळाक्षरांचे ते प्रसिद्ध गाणे अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १८३५ साली छापले गेले, म्हणजे ते पावणेदोनशे वर्षांहून जुने आहे. त्यातून अक्षरांचा क्रम पाठ होतो आणि पुढे शब्दकोश पाहताना तो कामी येतो. वाचनाशी मात्र त्याचा संबंध फार कमी आहे. आपल्या मुलांना देवनागरीची सवय असते. ‘क’ या अक्षराचे नावही क आणि उच्चारही क. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. ‘सी’ म्हणून ओळख झालेले अक्षर ‘कॅट’मध्ये क होते. ‘डब्ल्यू’ या भल्यामोठ्या नावात तर त्या अक्षराचा स्वतःचा आवाज कोठेही सापडत नाही. शिवाय अक्षरे २६ आणि ब्रिटनच्या प्रमाण उच्चारातले ध्वनी सुमारे ४४. पहिलीतले मूल एकीकडे ‘अक्षर म्हणजे आवाज’ हा देवनागरीचा सुंदर नियम शिकत असते आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या तासाला तो नियम मोडताना पाहते. हा गोंधळ गाण्याने सुटत नाही, झाकला जातो. गाण्याच्या मधल्या भागात ‘एल’पासून ‘पी’पर्यंतची पाच अक्षरे इतकी घाईने येतात की पुष्कळ मुलांना ते एकच लांबलचक अक्षर वाटते. आपल्या वर्गात कोणालाही त्या पाच अक्षरांतले तिसरे कोणते हे विचारून पाहावे.

कानांबद्दल एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे, कारण त्यात आपल्याच भाषांतला एक भेद वापरला होता. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. घरात जो भेद ऐकू येत नाही तो कान वर्षाच्या आत सोडून देऊ लागतात. आपल्याकडे हेच उलट्या बाजूने घडते. इंग्रजीतले ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचे दोन निराळे आवाज आपण एकाच व मध्ये बसवतो आणि त्यामुळे बनियन आणि पश्चिम दिशा यांसाठीचे इंग्रजी शब्द आपल्या तोंडी सारखेच होतात. सहा वर्षांच्या मुलाचा कान कोरा असतो ही कल्पना त्यामुळे खरी नाही, तो मराठीने घडवलेला असतो. व्ही ऐकला की उभे राहा, डब्ल्यू ऐकला की बसा, अशा खेळाने कान पुन्हा थोडाफार तयार करता येतो. तरी आमचे मत विचाराल तर या विशिष्ट भेदावर फार वेळ घालवू नये. भारतात त्यावाचून कोणाचे अडत नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘स्नॅक’ आणि ‘स्नेक’ यांचा गोंधळ जास्त अडचणीचा आहे.

आता ज्या खेळांकडून आमची जास्त अपेक्षा आहे त्यांकडे वळतो. तांबोळ्याचेच पाहा. हा खेळ इंग्रजी आकड्यांसाठी सर्रास खेळवला जातो. त्यात एक बारीकशी गोष्ट सारे ठरवते. पुकारणाऱ्या बाईंनी आकडा नुसता तोंडाने सांगितला तर मुलाला तो ऐकून, समजून, आपल्या कागदावर शोधावा लागतो. मल्याळम येत नसेल तर एकही घर खोडता येणार नाही. पण बाईंनी सवयीने आकड्याची सोंगटी वर धरून दाखवली, किंवा फळ्यावर लिहिली, की भाषा संपली आणि आकार जुळवणे उरले. खेळ तोच, आनंद तोच, पण शिकणे शून्यावर येते.

आणि मराठी मुलासाठी हे आकडे वाटतात त्याहून अवघड आहेत. आपण ‘सदतीस’ म्हणताना सात आधी आणि तीस नंतर म्हणतो, इंग्रजीत दशक आधी येते. शिवाय आपल्याकडे एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, आणि शंभरापर्यंतचे जवळपास प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. म्हणून ‘थर्टी-सेव्हन’ ऐकल्यावर मूल ७३ खोडते तेव्हा ती बेपर्वाई नसते. ते मराठीच्या नियमाने अचूक वागत असते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक तर शेवटच्या अवयवावर आणि आघातावरच उभा आहे. तांबोळ्याचे कागद करताना ३७ आणि ७३, १३ आणि ३०, १५ आणि ५० अशा जोड्या मुद्दाम घालाव्यात आणि कोणते मूल कोठे चुकते ते टिपून ठेवावे. असा अर्ध्या तासाचा तांबोळा आम्हाला चार गाण्यांपेक्षा मोलाचा वाटतो. ‘नाव-गाव-फळ-फूल’ही असाच गुणी खेळ आहे. तेथे शब्द समोर लिहिलेले नसतात, आठवून काढावे लागतात.

आठवून काढणे आणि पुन्हा पाहणे यांत किती अंतर आहे हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली दाखवले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारा गट पुढे होता, आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारा. पाहुण्यांनी तासाच्या शेवटी वर्ग पाहून मत देण्यात जो धोका आहे तो येथे आहे. बाईंनी आंब्याचे चित्र वर धरले आणि साऱ्या वर्गाने एकसुरात शब्द म्हटला, दहा वेळा म्हटला. तासाच्या शेवटी सर्वांना तो येतो. पुढच्या सोमवारी तो किती जणांकडे शिल्लक आहे हे त्या पाहुण्याला कधीच कळत नाही.

फळांचा तक्ता, रंगांचा तक्ता, प्राण्यांचा तक्ता यांबद्दल एक आक्षेप वाचकांना विचित्र वाटेल. एका तासाला फळे, दुसऱ्याला रंग असे शब्द गटागटाने शिकवणे आपल्याला नैसर्गिक वाटते. थॉमस टिंकम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र, अर्थाने एकाच जातीचे नवे शब्द एकत्र शिकले तर ते परस्परांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो, असे दिसले. रॉब वॉरिंग यांनी १९९७ साली जपानी बोलणाऱ्यांवर हाच प्रयोग करून तसाच निष्कर्ष काढला. आपला अनुभवही हेच सांगतो. लाल आणि हिरव्याचे इंग्रजी शब्द एकाच दिवशी प्रथम शिकलेले मूल कित्येक दिवस त्यांची अदलाबदल करीत राहते, पण लाल आणि टेबल यांची अदलाबदल कोणी करीत नाही. प्रयोगातल्या व्यक्ती प्रौढ होत्या आणि शब्द कृत्रिम, तेव्हा ते निष्कर्ष सहा वर्षांच्या मुलांवर जसेच्या तसे लादता येणार नाहीत. तरीही पहिल्या ओळखीच्या वेळी सगळे रंग एकदम देण्याऐवजी बेडूक, हिरवा, उडी, तळे असे एका प्रसंगातले शब्द द्यावेत आणि तक्ता मागाहून, सारे ओळखीचे झाल्यावर, उजळणीसाठी आणावा, हे आम्हाला जास्त पटते. पाठ्यपुस्तकाच्या क्रमाशी याचा मेळ घालणे सोपे नाही, हे मान्य.

आता पुन्हा ‘सायमन सेज’कडे येऊ, कारण त्या खेळाच्या मुळाशी एक चांगली कल्पना आहे. मूल बोलण्याआधी पुष्कळ ऐकते आणि ऐकलेल्यावर कृती करते. हॅरोल्ड पामर आणि डोरोथी पामर यांनी १९२५ साली टोकियोत कृतींतून इंग्रजी शिकवण्यावर पुस्तकच प्रसिद्ध केले होते, आणि अमेरिकेतल्या जेम्स ॲशर यांनी १९६० नंतर त्याच दिशेने प्रयोग करून आज्ञा ऐकून सर्वांगाने प्रतिसाद देण्याची पद्धत मांडली. ॲशर यांच्या पद्धतीत मुलाला बोलण्याची सक्ती नसते, म्हणून भीती नसते. दुसरी गोष्ट अशी की, ओळखीच्या शब्दांची पूर्वी कधीच न ऐकलेली जोडणी करून आज्ञा द्यायची असते. आपल्या वर्गात पोहोचेपर्यंत ही दुसरी गोष्ट गळून पडली आणि बाद होण्याचा नियम तेवढा चिकटला.

सुधारणा अवघड नाही. मुलांनी डोळे मिटून कृती करावी, म्हणजे शेजाऱ्याची मदत बंद होते. बाद कोणीही होऊ नये, चुकलेल्याने पुढे येऊन पुढची आज्ञा द्यावी. आणि आज्ञा रोजच्या न देता ‘पुट युवर पेन्सिल ऑन युवर हेड’, ‘पुट युवर बुक अंडर युवर एल्बो’ अशा द्याव्यात. पेन्सिल डोक्यावर ठेवायची म्हटल्यावर मुले जास्तच हसतात आणि त्या हसण्यात वाक्याचा अर्थ कळल्याचा पुरावाही असतो. ज्याला कळले नाही तो हसत नाही.

खेळ नसूनही गुंतवून ठेवणाऱ्या उपक्रमांचे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातच आहे, आणि आपण ते फारसे पाहिलेले नाही याची खंत वाटते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांतून एक प्रकल्प चालवला. तो बंगळूर प्रकल्प या नावाने भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात जगभर ओळखला जातो. साधने फळा, खडू, कागद आणि पेन्सिल एवढीच. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा किंवा शाळेच्या तासांचा तक्ता ठेवायचा आणि विचार करायला लावणारे काम द्यायचे : अमुक वाजता निघालेला माणूस तमुक गाडी पकडू शकेल काय? आधी एक काम शिक्षकाने प्रश्न विचारीत साऱ्या वर्गाबरोबर सोडवायचे, मग तसेच दुसरे मुलांनी आपापले सोडवायचे. लक्ष उत्तरावर, इंग्रजी त्यासाठी लागते म्हणून वापरायची. प्रभूंनी गटात काम देणे टाळले, मुले एकमेकांचे चुकीचे इंग्रजी उचलतील असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकल्पाचे बाहेरच्या तज्ज्ञांनी मूल्यमापन केले, त्याचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. ते प्रकल्पाच्या बाजूने झुकणारे पण सावध होते, कारण तुलनेचे वर्ग जसे मिळाले तसे घेतलेले होते, चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते.

गटकामाबाबत आमचे प्रभूंशी पूर्ण जमत नाही. हिशेब करून पाहा. ३५ मिनिटांचा तास आणि ४० मुले. शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत तरी एकामागून एक बोलायला प्रत्येक मुलाला ५२ सेकंद मिळतात, शिक्षकांनी निम्मा वेळ घेतला तर २६. तोच वर्ग दहा मिनिटे जोड्यांनी बोलला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. चित्रातले दहा फरक एकमेकांना चित्र न दाखवता शोधायचे, किंवा एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने काढायचे, असे काम असले तर बोलण्यावाचून गत्यंतर नसते. इंग्रजी मोडकी असेल, वर्गात गलका होईल आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून जातील. ही किंमत तिसरी-चौथीपासून पुढे द्यावी असे आम्हाला वाटते. पहिली-दुसरीत मुलांजवळ बोलण्यापुरते शब्दच नसतात, तेथे ऐकून करण्याची कामे बरी.

एवढे दोष काढल्यावर, खेळ बंद करावेत असे आमचे म्हणणे आहे काय, असा प्रश्न येईल. तसे मुळीच नाही. इंग्रजीच्या भीतीने तोंड न उघडणारी मुले आपण पाहिली आहेत, आणि भीती घालवणे हे खेळाचे मोठे काम आहे. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, दगडगोटे, पाने यांच्यावर बालशिक्षण उभे केले तेव्हा तेथेही मुले खेळतच होती. पण बियांची वर्गवारी करणाऱ्या मुलाला बियांकडेच पाहावे लागते. बियांकडे न पाहता तो खेळ खेळताच येत नाही, हा त्या साधनातला कस आहे.

आमच्या मतांवर विश्वास ठेवण्याऐवजी शिक्षकांनी स्वतः मोजून पाहावे, आणि त्यासाठी ज्या शाळेत एका इयत्तेच्या दोन तुकड्या आहेत ती शाळा उत्तम. मुलांना मुळीच माहीत नसलेले, चित्राने दाखवता येतील असे बारा शब्द निवडावेत. त्यांतले पहिले सहा ‘अ’ तुकडीला खेळातून आणि ‘ब’ तुकडीला साधेपणाने, वाक्यांतून व प्रश्नोत्तरांतून शिकवावेत. उरलेल्या सहांसाठी पद्धती बदलाव्यात, म्हणजे ‘अ’ तुकडी हुशार असली तरी तिचा फायदा एकाच पद्धतीला मिळणार नाही. मिनिटे दोन्हीकडे घड्याळ लावून सारखी ठेवावीत आणि खेळाची मांडामांड करण्यात गेलेली मिनिटेही खेळाच्याच खात्यात धरावीत. शिकवल्यानंतर तीन आठवडे त्या शब्दांचे नावही काढू नये. मग पूर्वसूचना न देता एकेका मुलाला बाजूला बोलावून, चार चित्रांतून शब्दाचे चित्र दाखवायला सांगावे आणि नंतर चित्र दाखवून शब्द विचारावा. तपासणारा शक्यतो दुसऱ्या वर्गाचा शिक्षक असावा. कोणते शब्द कोणत्या पद्धतीने शिकवले हे त्याला ठाऊक नसावे. कोणता खेळ, किती मुले, किती शब्द उरले एवढे आकडे पोस्टकार्डावर मावतात. ते आमच्याकडे जरूर पाठवावेत, खेळाने शिकवलेले शब्द जास्त उरले असतील तरीही.